रेडिओ-नियंत्रित विमाने: उड्डाणापूर्वीची तपासणी, जागा आणि नियम

उंचपंख

तयार अवस्थेत मिळणाऱ्या फोमच्या विमानांमुळे हा छंद आता पुष्कळ सोपा झाला आहे. पूर्वी बाल्सा लाकडाचा सांगाडा जोडण्यात महिने जात, आणि तेवढ्या काळात नवखा माणूस अनुभवी मंडळींच्या संगतीत बसून मैदानावरची शिस्तही आपसूक शिकत असे. आता खोका उघडून पंख बसवले आणि बॅटरी चार्ज केली की त्याच संध्याकाळी विमान हवेत जाऊ शकते. शिकण्याचा तो मधला काळच नाहीसा झाल्यामुळे नव्याने उडवू लागलेल्यांसाठी हा धागा काढत आहे. जाणकारांनी भर घालावी आणि आवश्यक तेथे दुरुस्ती सुचवावी.

माझ्या मते या छंदातली सगळी सुरक्षितता एका निर्णयावर उभी आहे, आणि तो निर्णय जमिनीवरच घ्यावा लागतो: वेळ आली तर विमान सोडून द्यायचे. हवेत काही बिघडले, तर उडवणाऱ्याच्या हातात जेमतेम दोन-तीन सेकंद असतात. पैसे आणि मेहनत घातलेले विमान वाचवण्याची ओढ त्या क्षणी इतकी प्रबळ असते, की माणूस ते धावपट्टीकडे, म्हणजेच लोक उभे असतात त्या बाजूला वळवू पाहतो. 'गडबड झाली की थ्रॉटल (मोटारीचा जोर) शून्यावर आणि विमान रिकाम्या जागेत' असे ज्याने आधीच पक्के केलेले असते, त्याचे विमान मोडते, पण कोणाला इजा होत नाही.

हा आग्रह कशासाठी, हे आकड्यांवरून लगेच लक्षात येते. दोन किलो वजनाचे विमान ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जात असेल, तर त्यात सुमारे ६२५ ज्यूल ऊर्जा असते. तेच दोन किलो वजन साधारण ३२ मीटर उंचीवरून, म्हणजे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकले, तर जमिनीवर आदळताना त्याच्यात एवढीच ऊर्जा असेल. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. त्यामुळे 'फोमचे तर आहे' हे समाधान फारसे कामाचे नाही, कारण आतली बॅटरी, मोटार आणि पुढचा प्रोपेलर (पंखा) फोमचे नसतात.

प्रोपेलरविषयी तर स्वतंत्रच लिहायला हवे. दहा इंची प्रोपेलर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ४८० किलोमीटर होतो. फिरताना तो जवळजवळ अदृश्य असतो, आणि विजेच्या मोटारीचे वैशिष्ट्य असे की हाताचा अडथळा आला म्हणून ती थांबत नाही, उलट अधिक जोर लावते. म्हणून बॅटरी जोडल्या क्षणापासून विमान 'जिवंत' आहे असे धरून चालावे. पंख्यासमोर किंवा त्याच्या फिरण्याच्या प्रतलात उभे राहू नये, काम नेहमी मागच्या बाजूने करावे आणि ट्रान्समीटरवर (हातातल्या रिमोटवर) थ्रॉटल-कटचा, म्हणजे मोटार बंद ठेवणारा, स्वतंत्र स्विच लावून घ्यावा. घरी टेबलावर कोणतीही जुळवाजुळव करायची असेल, तर आधी प्रोपेलर काढून ठेवावा. यात अपवाद नको.

पहिलेउड्डाण

अतिशय उपयुक्त धागा, आभारी आहे. मी नुकतेच १.४ मीटर पंखविस्ताराचे आणि सुमारे सव्वा किलो वजनाचे ट्रेनर (शिकाऊंसाठीचे) विमान घेतले आहे. काही शंका आहेत. कायद्याच्या दृष्टीने हे विमान 'ड्रोन' ठरते का, की ते नियम फक्त चार पंख्यांच्या कॅमेरावाल्या यंत्रांना लागू आहेत? १२० मीटरची मर्यादा सगळीकडे वाचायला मिळते, पण जमिनीवर उभे राहून ती उंची ओळखायची कशी? आणि फेलसेफ नीट बसला आहे याची खात्री कशी करावी?

नियमवाचक

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो. कायदा पंखे किती आहेत हे पाहत नाही; वैमानिक आत बसलेला आहे की नाही, हे पाहतो. भारतातील ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झाले आणि त्यांत मानवरहित विमानांचे विमान, रोटरक्राफ्ट आणि या दोहोंचा संकर असे प्रकार केलेले आहेत. म्हणजे स्थिर पंखांचे विमानही त्यांच्या कक्षेत येते. वजनानुसार २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो आणि पुढे २५ किलोपर्यंत स्मॉल अशी वर्गवारी आहे. सव्वा किलोचे तुमचे विमान वजनाने मायक्रो गटात बसते. वजन म्हणजे बॅटरीसह उडते वजन, हे लक्षात ठेवावे. याशिवाय 'मॉडेल' असा एक उपप्रकार सांगितलेला आहे: २५ किलोपर्यंतचे, केवळ शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजन यांसाठी वापरले जाणारे आणि नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे. अशा मॉडेलला आणि नॅनोला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही.

पण कागदपत्रांतली ही सवलत म्हणजे जागेची सवलत नव्हे, आणि नवख्यांचा घोटाळा बहुधा इथेच होतो. आकाशाची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर दाखवलेली आहे. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज नसते. मात्र चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा निम्म्यावर, ६० मीटरवर येते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. नकाशा बदलत असतो, त्यामुळे मैदान कितीही ओळखीचे असले तरी निघण्यापूर्वी तो पुन्हा पाहावा.

परदेशात राहणाऱ्या सदस्यांसाठीही थोडे लिहितो. अमेरिकेत छंदासाठी उडवणाऱ्यांना 'ट्रस्ट' नावाची विनामूल्य ऑनलाइन चाचणी उत्तीर्ण होऊन तिचे प्रमाणपत्र सोबत बाळगावे लागते. २५० ग्रॅमपेक्षा जड मॉडेलची नोंदणी करून तो क्रमांक विमानाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर लिहावा लागतो, आणि अनियंत्रित हवाई क्षेत्रात ४०० फुटांची मर्यादा आहे. युरोपीय संघात २०१९/९४७ क्रमांकाचा नियम ३१ डिसेंबर २०२० पासून लागू आहे. त्याच्या सोळाव्या कलमानुसार मॉडेल क्लबांना स्वतंत्र अधिकृती मिळू शकते, आणि ती मिळालेल्या क्लबमध्ये त्या अधिकृतीच्या अटी लागू होतात. देश बदलला की तपशील बदलतो. पण मनुष्यवाहू विमानाला नेहमी वाट द्यायची आणि आपले विमान स्वतःच्या डोळ्यांना दिसत असलेच पाहिजे, या दोन गोष्टी तिन्ही ठिकाणी आहेत.

उंचपंख

नियमवाचक, इतक्या नेमक्या प्रतिसादाबद्दल आभार. उंचीच्या अंदाजाविषयी मी लिहितो.

पूर्ण चंद्र आपल्या डोळ्याशी साधारण अर्ध्या अंशाचा कोन करतो. एक मीटर लांबीची वस्तू १२० मीटरवर असेल, तर तिचा कोनही जवळजवळ तेवढाच भरतो. म्हणजे एक मीटर पंखविस्ताराचे विमान १२० मीटर अंतरावर चंद्राच्या रुंदीएवढे दिसेल. पहिलेउड्डाण, तुमचे १.४ मीटरचे विमान त्याच अंतरावर चंद्राच्या दीडपटीहून किंचित लहान दिसेल. हात पूर्ण लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली की तिची रुंदी साधारण एक अंश भरते. विमान डोक्यावर असताना त्याचे पंख करंगळीच्या दोन-तृतीयांश रुंदीइतके दिसू लागले, की मर्यादा गाठली असे समजावे. अर्थात ही पद्धत अंतर सांगते, उंची नव्हे. विमान १२० मीटर उंच आणि तेवढेच समोर असेल, तर ते तुमच्यापासून प्रत्यक्षात सुमारे १७० मीटर दूर असते आणि त्या प्रमाणात लहान दिसते. नेमकी उंची हवी असेल, तर हवेच्या दाबावर चालणारा छोटा अल्टिमीटर (उंचीमापक) टेलिमेट्रीला, म्हणजे विमानाकडून ट्रान्समीटरला माहिती पाठवणाऱ्या यंत्रणेला, जोडून ट्रान्समीटरवर १०० मीटरला इशारा लावून घ्यावा. तो बोलून सांगतो, त्यामुळे विमानावरची नजर काढावी लागत नाही.

खरे तर ट्रेनर विमानाला इतक्या उंचीची गरजच नसते. विमान कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे ओळखता येणे, ही खरी मर्यादा आहे. 'दिसते आहे' आणि 'कसे उडते आहे ते समजते आहे' यांत फार मोठा फरक आहे. ढगाळ प्रकाशात दूरचे विमान केवळ काळी रेघ होते. ते आपल्याकडे येत आहे की लांब चालले आहे हेच कळेनासे होते, आणि तिथून चुकीच्या दिशेला स्टिक जाते. पंखांच्या वरच्या आणि खालच्या बाजूंना अगदी वेगळे रंग किंवा ठळक पट्टे दिले, तर पुष्कळ मदत होते.

सर्वोसखा

फेलसेफविषयी. ट्रान्समीटरशी संपर्क तुटल्यावर विमानातल्या रिसीव्हरने काय करावे, याची आधी ठरवून दिलेली आज्ञा म्हणजे फेलसेफ. काही रिसीव्हर मुळातून अशा पद्धतीने लावलेले असतात, की ते शेवटची आज्ञा तशीच धरून ठेवतात. संपर्क तुटताना थ्रॉटल पाऊणावर असेल, तर मोटार पाऊण जोराने चालूच राहते आणि विमान बॅटरी संपेपर्यंत कुठेही जाऊ शकते. थ्रॉटलचा फेलसेफ शून्यावर असलाच पाहिजे. चाचणी सोपी आहे. प्रोपेलर काढावा, ट्रान्समीटर आणि मग विमान सुरू करावे, थ्रॉटल थोडा वाढवून मोटार फिरू द्यावी आणि ट्रान्समीटर बंद करावा. क्षणभरात मोटार थांबली पाहिजे. रिसीव्हर पुन्हा बाइंड केला, म्हणजे ट्रान्समीटरशी त्याची जोडी नव्याने जुळवली, तर ही चाचणीही पुन्हा करावी. बऱ्याच प्रणालींत फेलसेफची स्थिती बाइंड करतानाच नोंदली जाते.

एरवी मात्र ट्रान्समीटर आधी बंद करू नये: सुरू करताना आधी ट्रान्समीटर, बंद करताना आधी विमान.

रेंज चेक अनेक जण टाळतात, तो टाळू नये. ट्रान्समीटरमध्ये कमी शक्तीची अवस्था असते. ती लावून सुमारे ३० मीटर दूर चालत जावे आणि सहकाऱ्याला सर्वो (नियंत्रण-पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी) पाहायला सांगून सर्व स्टिक हलवाव्यात. अचूक अंतर तुमच्या प्रणालीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मोटार बंद असताना आणि चालू असताना असे दोन्ही वेळा करावे, कारण काही बिघाड मोटारीला विद्युतप्रवाह जाऊ लागल्यावरच उघडे पडतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी कार्बन फायबर, धातू आणि बॅटरी यांनी अडतात. म्हणून रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात आणि या वस्तूंपासून दूर बसवाव्यात. ट्रान्समीटरच्या अँटेनाचे टोक थेट विमानाकडे रोखू नये. त्या दिशेलाच सिग्नल सर्वांत क्षीण असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे: नियंत्रणांच्या दिशा. एका सदस्याने एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेवरच्या, विमान कलवणाऱ्या झडपेचा) सर्वो बदलला होता. मैदानावर त्याने स्टिक हलवून पाहिली, दोन्ही एलेरॉन हलले, तो समाधानी झाला. विमान उठले, डावीकडे किंचित कलले, त्याने उजवी स्टिक दिली आणि ते अधिकच डावीकडे कलले. त्याने आणखी उजवी दिली. चार सेकंदांत पंखाचे टोक जमिनीला लागले. एलेरॉन हलत होते, पण उलटे. पृष्ठभाग हलतो आहे, एवढे पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. शेपटीमागे, विमानाच्या नाकाच्या दिशेने तोंड करून उभे राहावे. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. एलेव्हेटरची (शेपटीवरच्या आडव्या झडपेची) स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर उचलला पाहिजे. रडरची (शेपटीवरच्या उभ्या झडपेची) स्टिक उजवीकडे नेली की रडरची मागची कड उजवीकडे वळली पाहिजे. दर उड्डाणापूर्वी हे मोठ्याने बोलत करावे. बोलल्याने मन प्रत्यक्ष पाहू लागते.

उतारवारा

चर्चा उत्तम चालली आहे, पण १२० मीटरच्या मुद्द्यावर माझे थोडे वेगळे मत आहे. मी मोटार नसलेली ग्लायडर डोंगरउतारावर उडवतो. उताराला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर ग्लायडर तरंगते. ते माझ्या पातळीपेक्षा वीस-तीस मीटरच वर असते, पण दरीकडे गेले की त्याच्या खालची जमीन एकदम खोल जाते. अशा वेळी जमिनीपासूनची उंची मोजली, तर मी काहीही न करता नियम मोडतो. नियम करणाऱ्यांनी या प्रकाराचा विचारच केलेला नाही, असे मला वाटते.

नियमवाचक

उतारवारा, तुमची अडचण खरी आहे, पण विचार झालेलाच नाही असे म्हणता येणार नाही. युरोपीय नियमात नेमका यासाठी अपवाद आहे: दहा किलोपेक्षा कमी वजनाचे मानवरहित ग्लायडर जमिनीच्या जवळच्या बिंदूपासून १२० मीटरपेक्षा दूर जाऊ शकते, मात्र ते उडवणाऱ्याच्या पातळीपासून १२० मीटरपेक्षा उंच कधीही जाता कामा नये. असा अपवाद जिथे लेखी नाही, तिथे तो आहे असे आपणहून गृहीत धरू नये. क्लबमार्फत मागणी करावी. तर्क बरोबर असणे आणि परवानगी असणे या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय दरीतून खालच्या उंचीवर हेलिकॉप्टर येऊ शकते, आणि त्याच्या वैमानिकाला तुमचे ग्लायडर दिसण्याची शक्यता जवळजवळ नसते.

उतारवारा

मान्य. हेलिकॉप्टरचा मुद्दा निर्णायक आहे. आमच्या गटात उडवणाऱ्याशेजारी एक जण केवळ आकाश पाहण्यासाठी आणि कान देण्यासाठी उभा असतो. डोंगरात हेलिकॉप्टर आधी ऐकू येते आणि मग दिसते.

पहिलेउड्डाण

सर्वांचे आभार. आणखी एक विचारतो. माझ्या जवळ क्लब नाही. एक मोठे मोकळे मैदान आहे, पण सकाळी तिथे लोक फिरायला येतात आणि मुले खेळतात. एका कोपऱ्यात एकट्याने उडवले तर चालेल का? विमानात जायरो (कल ओळखून तो आपोआप दुरुस्त करणारे उपकरण) आहे, त्यामुळे ते स्वतःहून सरळ होते.

उंचपंख

स्पष्ट सांगतो, चालणार नाही. मैदान मोठे आहे की लहान, हा निकष नाही; विमानाच्या वाटेखाली माणसे आहेत की नाहीत, हा निकष आहे. सव्वा किलोचे ट्रेनर सेकंदाला बारा-पंधरा मीटर सहज जाते. नवख्याला गोंधळ लक्षात येऊन कृती करायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्यात ते साठ-सत्तर मीटर पुढे गेलेले असते. मैदानाचा कोपरा त्या वेळी पुरत नाही.

जागा निवडताना आधी वारा आणि सूर्य पाहावा. उड्डाण आणि उतरणे वाऱ्यासमोर होईल आणि सूर्य शक्यतो पाठीशी असेल, अशी दिशा ठरवावी. मग जमिनीवर एक रेघ मनाशी पक्की करावी. उडवणारे, पाहणारे, वाहने सर्व रेघेच्या एका बाजूला आणि विमान कायम दुसऱ्या बाजूला. विमान या रेघेच्या मागे कधीही येऊ द्यायचे नाही, आले तर थ्रॉटल कमी करून शांतपणे बाहेर वळवायचे. उडवणारे एकाहून अधिक असतील, तर त्यांनी जवळजवळ उभे राहावे, म्हणजे 'टेकऑफ', 'लँडिंग', 'मैदानात माणूस' या हाका सर्वांना ऐकू जातात. मोटार बंद पडलेल्याने 'डेडस्टिक' अशी हाक दिली, की बाकीच्यांनी धावपट्टी मोकळी करावी, कारण त्याला पुन्हा घिरटी घालता येत नाही.

एकट्याने उडवू नये असे मी म्हणतो, त्याचे कारण उडवणाऱ्याची नजर विमानाला बांधलेली असते. मागून येणारे मूल किंवा कुत्रे त्याला दिसत नाही. शेजारचा माणूस विमान उडवणारा नसला तरी चालतो. त्याने विमानाकडे न पाहता मैदानाकडे पाहावे, एवढेच हवे. गॉगल लावून विमानातल्या कॅमेऱ्यातून उडवायचे असेल, तर अमेरिकेत आणि युरोपात असा निरीक्षक शेजारी असणे नियमानेच आवश्यक आहे. त्याला मात्र विमानही दिसत राहिले पाहिजे.

क्लब थोडा दूर असला तरी पहिली काही उड्डाणे तिथेच करावीत, असा माझा आग्रह आहे. तिथे बडी बॉक्स मिळतो: शिकवणाऱ्याचा आणि तुमचा असे दोन ट्रान्समीटर जोडलेले असतात, आणि त्याने स्विच सोडला की नियंत्रण त्याच्याकडे जाते.

सर्वोसखा

जायरोबाबत भर घालतो. जायरो वाऱ्याचे धक्के शोषतो आणि काही विमानांत स्टिक सोडल्यावर पंख समतल करतो. त्याला झाडे, तारा आणि माणसे मात्र दिसत नाहीत. वेग फार कमी झाला तर जायरो विमानाला पडण्यापासून वाचवू शकत नाही. त्याच्या दुरुस्तीच्या दिशाही तपासाव्या लागतात: विमान हातात धरून उजवीकडे कलवले, तर उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे तो कल मोडून काढेल. हे उलटे असेल, तर जायरोच विमान पाडतो. गुरुत्वमध्यही पुस्तिकेत दिलेल्या जागी, बॅटरी बसवून पाहावा. बहुतेक ट्रेनरमध्ये तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखरुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर असतो. शेपूट जड असलेले विमान जायरोच्या भरवशावर उडवू नये.

विद्युतधारा

बॅटरीचा विषय अजून आलेला नाही, म्हणून लिहितो. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि ३.० व्होल्टच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. उड्डाणाला टायमर लावून सुमारे २० टक्के क्षमता शिल्लक असतानाच उतरावे, म्हणजे एकदा उतरणे चुकले तरी पुन्हा फेरी घेता येते. काही दिवस उडवणार नसाल, तर प्रत्येक सेल साधारण ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. चार्जिंग नेहमी बॅलन्स पद्धतीने (सर्व सेल सारख्या व्होल्टेजवर आणत) आणि क्षमतेएवढ्या प्रवाहाने करावे. २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला २.२ अँपिअर. चार्जिंग सुरू असताना घराबाहेर जाऊ नये, झोपू नये, आणि बॅटरी न जळणाऱ्या पृष्ठभागावर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवावी.

पहिलेउड्डाण

विमान आदळले आणि बॅटरी वरून ठीक दिसत असेल, तर ती पुन्हा वापरावी का? क्लबमध्ये जाण्याचे मी निश्चित केले आहे.

विद्युतधारा

लगेच वापरू नये आणि लगेच गाडीतही ठेवू नये. आतले थर दुखावले असतील, तर आग काही वेळानेही लागू शकते. बॅटरी विमानातून काढून उघड्यावर, कोरड्या गवतापासून दूर, माती किंवा वाळूवर किमान अर्धा तास नजरेसमोर ठेवावी. फुगवटा, गोडसर वास, ऊब किंवा कोपऱ्यावर पोचा यांपैकी काहीही आढळले, तर ती बाद समजावी. काहीच आढळले नाही, तरी पुढचे चार्जिंग घराबाहेर आणि समोर बसून करावे. सेलच्या व्होल्टेजमध्ये पूर्वी नसलेला फरक दिसला, तर तेव्हाही ती बादच करावी. बॅटरी विजेच्या तारांवर अडकलेल्या विमानात असेल, तर विमान काढायला काठी किंवा दोरी घेऊन जाऊ नये. वीज मंडळाला कळवावे आणि ते लोक येईपर्यंत इतरांना खाली उभे राहू देऊ नये.